दुधातला फॉर्म

आमच्या घरात सकाळ व्हायची ती किटलीच्या झाकणानं. कोंबडाही होता, पण त्याच्या आरवण्याला घरात कुणी फारशी किंमत देत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, धारा काढून आले की सोप्यात बसून दुधाच्या तीन किटल्यांची झाकणं बुक्कीनं ठोकून बसवायचे. पहिल्या झाकणाला मी कूस बदलायचो, दुसऱ्याला वाकळ डोक्यावरून घ्यायचो आणि तिसऱ्यानंतर आबांचा आवाज यायचा, "साहेब, उठताय, की कचेरी हितंच आणू?" आत आईचं भाकरी थापणं चालू असायचं. त्या थापांवरून मला आईचा त्या दिवशीचा कल समजायचा. थाप सावकाश पडत असली तर सगळं ठीक. भरभर पडायला लागली की कुणावर तरी राग आहे. आणि गंमत अशी की रागातली भाकरी जास्त पातळ व्हायची आणि टम्म फुगायची. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर मिरचीचा खर्डा आणि त्यावर घट्ट सायीचं दही. ह्यातलं निम्मं आता डॉक्टरांनी बंद केलंय, आणि राहिलेल्या निम्म्याला ती चव नाही. चव दह्याची होती की वयाची, हे विचारायला आई नाही.

आमच्या गडमुडशिंगी गावातून कोल्हापूर सायकलवर तसं जवळ, पण दुधानं भरलेल्या तीन किटल्या लावल्या की लांब. आबा एका सायकलवर, मी दुसरीवर. मी कॉलेजला निघालेला असायचो, म्हणून माझ्या सायकलला एकच किटली. आबा मला साहेब म्हणायचे त्यात कौतुक नव्हतं, पण मी ते कौतुक म्हणूनच घ्यायचो. आमच्या गल्लीतून बारावी होऊन कोल्हापूरच्या कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आणि पहिल्याच वर्षाला नापास होणाराही मीच पहिला, पण हे दुसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं. निकालाचा कागद मी गोठ्यामागच्या वैरणीच्या गंजीत खुपसून टाकला होता. एखादी म्हैस तो खाऊन टाकेल आणि प्रकरण मिटेल, अशी मला आशा होती.

नेमक्या त्याच महिन्यात गल्लीनं मला सल्लागार नेमलं. बारावीचे निकाल लागले होते आणि आजारी वासरू जनावरांच्या डॉक्टराकडं आणावं तसे आईबाप आपापलं पोरगं दंडाला धरून आमच्या कट्ट्यावर आणत होते. "ह्याचं फुडं काय करायचं ते तू बघ बाबा. तू कॉलेजात हाईस." मी खिशाला पेन लावून बसायचो. माझे प्रश्न तीनच होते. मार्क किती? इंग्रजी येतं का? आणि रक्त बघून चक्कर येते का? एवढ्यावर मी माणसाचा जन्म ठरवून मोकळा व्हायचो. एका पोराला मी वायरमन व्हायला आयटीआयला धाडलं. तो विजेला इतका भ्यायचा की घरातलं बटणसुद्धा त्याची बहीण दाबायची. त्यानं पुढं शिवणकाम काढलं, दुकान झोकात चाललं. माझं माप मात्र त्यानं आयुष्यात कधी घेतलं नाही. दिसलो की टेप गळ्यात घालून आत निघून जायचा.

आमची कामाची एक रीत होती. पोरांचे बाप कुणी पहाटे रानात, कुणी पाळीवर. फॉर्म भरेपर्यंत थांबणार कोण? म्हणून आधी बापाची सही घ्यायची, मजकूर मी मागून भरायचा. सगळ्या गल्लीनं मला कोऱ्या कागदावर सह्या करून दिल्या होत्या. इतका विश्वास पुढं माझ्यावर माझ्या बायकोनंही टाकला नाही. तिचं बरोबर होतं.

सुनंदा कांबळे माझ्या एक वर्ष मागं होती आणि मार्कांनी बरीच पुढं. त्यांचं घर बुद्धविहाराच्या शेजारी. वडील, रघुकाका, कबनूरला यंत्रमागावर कामाला. आठवडाभर तिकडंच राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जायची, आमच्याही. आईबरोबर लहानपणापासून सुनंदा यायची. आम्ही चार एकरांचे धनी, पण वांग्याचं पान उलटं करून मागची बाजू बघायची असते, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. आम्हाला म्हणजे आबांना. मी तेव्हा बांधावर बसून उसाचं कांडं सोलत असायचो. तिच्या वहीत पानं चिकटवलेली असायची; कीड लागलेली, करपा पडलेली, भोकं पडलेली. पोरी वहीत मोरपीस ठेवायच्या त्या काळात ही रोगट पानं ठेवायची.

तर ही सुनंदा एक दिवस कट्ट्यावर आली. दंडाला धरून आणायला कुणी नव्हतं, एकटीच आली. "बाळूदा, मला शेती कॉलेजचा फॉर्म आणशील?"

मी हसलो. आज ते हसू आठवलं की माझे मलाच दात पाडावेसे वाटतात. आता पाडायला फारसे उरलेले नाहीत, हा भाग वेगळा. "शेती? तुला? अगं, पण शेत कुठाय?"

"शिकायला घरचं शेत लागतंय व्हय? कॉलेजचं हाय की."

उत्तर नसलं की मी "बघू" म्हणायचो. "बघू," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी खरंच निघालो होतो. पण दूध घालून झाल्यावर मिसळ खाल्ली. मिसळीनंतर जरा सावलीत बसावं म्हणून मॅटिनीला गेलो. सिनेमात मारामारी लांबली. शेती कॉलेजच्या खिडकीवर पोचलो तोवर ती बंद झाली होती. परत यायचं म्हणजे उद्या पुन्हा उलट्या दिशेला सायकल हाणायची. एस. टी. स्टँडजवळ एका झेरॉक्सवाल्याकडं बाकी सगळे फॉर्म मिळायचे, फक्त शेती कॉलेजचा नाही. तिथून मी नर्सिंगचा फॉर्म उचलला. सायकलवर येता येता मला तो फार योग्य वाटायला लागला. मुलगी आहे, हुशार आहे, रक्ताला भीत नाही. शिवाय शेती हे आमचं, शेतकऱ्यांचं काम, असंही डोक्यात कुठंतरी होतंच. आळस आणि अक्कल एकत्र आली की माणसाला आपण परोपकार करतोय असं वाटतं. मी तिला सांगून टाकलं, "शेतीचे फॉर्म संपले. ह्यो नर्सिंगचा आणलाय. तुला हेच बरं."

"सगळं संपलं?"

"सगळं."

ती थोडा वेळ बोटानं कट्ट्याची फरशी घासत उभी राहिली. मग फॉर्म घेतला. रघुकाका सुट्टीला आले, त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि परत कबनूरला गेले. मी सुवाच्य अक्षरात सगळं भरलं, फोटो चिकटवला, गुणपत्रिकेच्या नकला टाचणीनं लावल्या. आणि हा फॉर्म कुठं ठेवावा? घरात उंदीर होते, आणि माझी लहान बहीण सापडेल त्या कागदाची होडी करायची. झाकण घट्ट बसणारी, आतून कोरडी अशी एकच वस्तू घरात होती. आमची चौथी किटली. तिचा कान तुटलेला म्हणून ती वापरात नव्हती. फॉर्मची सुरळी करून मी तिच्यात ठेवली, झाकण लावलं आणि स्वतःवर खूश झालो. फॉर्म द्यायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती, संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी निघताना किटलीतून काढायचा की झालं.

नेमकी त्या शेवटच्या दिवशी सकाळी आमची पांढऱ्या कपाळाची म्हैस पहिल्यांदा दोन्ही वेळचं दूध सकाळीच दिल्यासारखी पान्हावली. तीन किटल्या भरल्या, दूध उरलं. आबांनी गोठ्याच्या अंधुक उजेडात चौथी किटली घेतली, तुटक्या कानाला सुतळी बांधली, दूध ओतलं आणि झाकण ठोकलं. मी चौथा ठोका ऐकला. आज काय चार का, एवढं मनात आलं आणि परत झोप लागली. उठलो तो उशिरा, आणि फॉर्मची आठवण निम्म्या वाटेत झाली. म्हटलं, दूध घालून घरी येऊ आणि परत जाऊ.

शाहूपुरीतल्या एका हॉटेलात आमचं दूध जायचं. आबांनी सुतळीची किटली उतरवली, माप आत बुडवून वर काढलं, आणि मापात सुनंदा. पासपोर्ट साइज, दोन वेण्या, सरळ समोर बघणारी. हॉटेलचे मालक वाकले. त्यांनी फोटोकडं बघितलं, मग आबांकडं.

"पाटील, दुधात पाणी घालत्यात म्हणून ऐकलतं. माणसं कवापासनं घालाय लागलासा?"

आबांनी हात घालून सुरळी बाहेर काढली. तिच्यातून दुधाची धार लागली होती. माझं सुवाच्य अक्षर निळं होऊन वाहत होतं. आबा रागावले की बोलायचे, आणि फार रागावले की बोलायचे नाहीत. कोल्हापूर ते गडमुडशिंगी ते एक शब्द बोलले नाहीत. दारात सायकल लावल्यावर म्हणाले, "तिला बोलवून आण. आन् तोंडानं सांग. मी सांगणार न्हाय."

मी सांगितलं. दुधाचं तेवढंच सांगितलं, संपलेल्या फॉर्मांचं नाही. सुनंदा आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. आमच्या घरी तिला आत येऊ नको असं कुणी म्हणत नसे, आणि ये असंही म्हणत नसे. ती आपली उंबऱ्याशी थांबायची, आणि त्यात काही आहे हे मला त्या वयात दिसलंही नव्हतं. आत आईनं चुलीवर तवा ठेवून विस्तव बारीक केला होता आणि एकेक कागद तव्यावर वाळवत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"तिथं काय उभी ऱ्हायलीस?" आई आतून ओरडली. "ये की आत! ह्यातला सुलटा कुठला, उलटा कुठला, मला काय कळतंय? कागूद करपंल!"

सुनंदा आत गेली आणि चुलीपाशी उकिडवी बसली. दोघी मिळून बारावीची गुणपत्रिका सांडशीनं परतायला लागल्या. नकला वाचल्या, फोटोही सुकून जरा वाकडा का होईना, राहिला. फॉर्म मात्र गेला. सगळ्या घरात खरवसासारखा वास सुटला होता. आईनं सुनंदाला तिथंच बसवून भाकरी आणि दही खायला लावलं. मला विचारलंही नाही. थापांचा वेग त्या दिवशी भयंकर होता.

खाऊन झाल्यावर सुनंदा हात धुऊन बाहेर आली. "नवा फॉर्म घ्यायचा न्हवं? मी येते संगट."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. कागदांची पिशवी मांडीवर. कोल्हापुरात उतरल्यावर म्हणाली, "आधी शेती कॉलेजवरनं जाऊया. एखादा उरला असंल."

"संपलेत म्हटलं न्हवं? उगं हेलपाटा."

"इचारायला काय जातंय?"

माझं काय जातंय हे मला नीट ठाऊक होतं. वाटेत मी तिला चहा प्यायचं सुचवलं, ऊन सुचवलं, पाय दुखत असल्याचं सुचवलं. ती पुढं चालत राहिली. खिडकीतल्या कारकुनाला तिनं विचारलं, "सायेब, फॉर्म हाय का एखादा?"

"एखादा?" कारकून म्हणाला. "किती पाहिजेत?" त्याच्या मागं टेबलावर फॉर्मांची चळत होती, माझ्या छातीला लागेल एवढी. सगळ्यात वरच्या फॉर्मवर धूळ बसली होती, त्यानं ती फुंकून फॉर्म तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आज शेवटचा दिवस हाय बघा. पाचला खिडकी बंद."

सुनंदा बाहेर येऊन झाडाखाली उभी राहिली. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तू कवा आलतास हितं?"

"आलतो की."

"कवा?"

"बंद झाल्यावर."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर मी काहीतरी विनोद केला असता. ती म्हणाली, "तसं सांगायचं हुतंस की. मी आले असते. चालत आले असते." मग पिशवीतून पेन काढलं, पारावर बसली आणि स्वतःच्या हातानं फॉर्म भरला. माझं पेन मी पुढं केलं होतं. ते तिनं घेतलं नाही. भरून झाल्यावर म्हणाली, "बाळू, आप्पांची सही पाहिजे. कबनूरला जायचं." त्या दिवसापासून ती मला बाळूदा म्हणाली नाही. आजतागायत नाही.

कबनूरच्या एस. टी.त मला राहवेना. एक पाप कबूल झालं की माणसाला दुसरंही उरकून घ्यावंसं वाटतं. हातकणंगल्याच्या अलीकडं मी घसा साफ केला. "सुनंदा, मी नापास झालोय."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं गंजीतनं वैरण उपसताना कागूद काढला. वाचाय येत न्हाय म्हणून माझ्याकडं घिऊन आलती. मी वाचून दाखवला."

मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. "आई काय म्हणाली?"

"कुणाला सांगू नगंस म्हणाली. पोरगं लाजंल म्हणाली."

महिनाभर रोज सकाळी मी साहेब होऊन भाकरी खात होतो आणि समोर बसून आई वाढत होती. मी विचारलं, "मग नापास माणसाकडं फॉर्म मागाय का आलीस?"

"तुझी सायकल रोज कोल्हापूरला जातीया म्हणून," सुनंदा म्हणाली.

कबनूरला उतरलं की माग दिसायच्या आधी ऐकू येतात. रघुकाकांची शेड पत्र्याची, लांबट. दारातून आत पाऊल टाकलं आणि खटखट नुसती कानात न जाता छातीत शिरली. मागांच्या रांगा, आणि हवेत कापसाचा भुसा उडत असलेला. रघुकाकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. चार माग त्यांच्याकडं. एकाच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की बदलायची, दुसऱ्याची तार, म्हणजे धागा, तुटली की जोडायची. माणूस नुसता ह्या मागावरून त्या मागावर. तिथं माणसं बोलत नाहीत, ओठ आणि बोटं हलवतात. सुनंदाला बघून ते घाबरले. तिनं हातानंच सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि फॉर्म पुढं धरला. त्यांनी हात धोतराला पुसले, वरचं नाव वाचलं आणि भुवया वर केल्या. मागच्या वेळी तर वेगळ्या फॉर्मवर सही केली होती.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सल्लागाराची खोड. मला वाटलं, हीच शेवटची संधी. बापाला समजावलं तर पोरगी अजून वाचेल, नर्सिंगचीही मुदत पाचपर्यंत आहेच. मी रघुकाकांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो. त्यांनी हातानं विचारलं, काय? मी पुन्हा ओरडलो. पुन्हा, काय? तेव्हा मी छातीत दम भरला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

नेमकी तेव्हा लाईट गेली. सगळे माग एका दमात थांबले, आणि त्या शांततेत, भर शेडमध्ये, माझा आवाज उभा राहिला:

"तुमची जमीन न्हाई! शेती शिकून ही काय करणार?"

सगळी शेड आमच्याकडं वळली. पलीकडच्या कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "कोण वो हे पावणं?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एवढं मोठ्यानं उच्चारल्यावरच मला माझं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. मनात ते इतकं वाईट वाटलं नव्हतं.

रघुकाका मला बाळासाहेब म्हणायचे, आमच्या आबांच्या मानाखातर. ते मागाच्या लाकडावर टेकले. "बाळासाहेब, हे माग कुणाचं?"

"मालकाचं."

"मालकाला तुटलेली तार जोडाय येत न्हाय. एकदा हौसनं धोटा हातात घेतलाता, तर अंगठा फोडून घेतला. मला सगळं येतंय, पर माग माझा न्हाय. मग माग कुणी शिकायचा? तुमीच सांगा."

ते सुनंदाकडं वळले. "आता बोल. आता आवाज न्हाय. काय पाहिजे तुला?"

"शेती, आप्पा."

"नोकरी लागती का त्यात?"

"लागती म्हणत्यात. न्हाई लागली तर बघू."

"तवर नर्सिंगचं वय निघून जाईल."

"व्हय."

"ठावं असून मागाय लागलीस?"

"व्हय, आप्पा."

त्या अंधुक शेडमध्ये कापसाचा भुसा सावकाश खाली बसत होता. तिच्या केसांवर, फॉर्मवर, माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. मग रघुकाकांनी माझ्यापुढं हात केला. "पेन द्या. तेवढं तरी उपेगाला येऊ द्या."

सही करताना त्यांच्या बोटाचं तेल फॉर्मच्या कोपऱ्याला लागलं. ते पुसायला गेले, तर डाग आणखी पसरला. सुनंदा म्हणाली, "असू द्या." आम्ही दारापर्यंत आलो आणि लाईट आली, माग सुरू झाले. मागून रघुकाकांनी काहीतरी मोठ्यानं सांगितलं. मला फक्त ओठ दिसले. "काय म्हणाले?" मी बाहेर आल्यावर विचारलं. "जेवून जावा म्हणाले. येळ कुठाय?" सुनंदा म्हणाली आणि एस. टी.साठी पळत सुटली.

पुढं मी दोन झटक्यांत का होईना पदवी मिळवली आणि मास्तर झालो. बारावीच्या पोरांना पुढं काय हे सांगायचं काम शाळेत ज्याच्या त्याच्या अंगावरून घसरत माझ्याकडं यायचं. मी दार लावून घ्यायचो, पंखासुद्धा बंद करायचो. पोरं घामाघूम व्हायची आणि मला चक्रम म्हणायची. पण ज्याला जे पाहिजे ते त्याच्या तोंडून एकदा नीट ऐकू यावं, एवढीच माझी पद्धत होती. ऐकून घेतल्यावर मी बऱ्याचदा चुकीचं तेच सांगायचो, ते निराळं.

तर त्या दिवशी कबनूरहून परत शेती कॉलेजच्या खिडकीवर आम्ही पोचलो तेव्हा कारकून टेबलाचे खण लावत होता. त्यानं फॉर्म घेतला, डाग बघितला, नकला उलटल्या आणि नाकाशी धरल्या. "ह्याला दुधाचा वास कशानं मारतोय?"

"मोठी गोष्ट हाय सायेब," मी म्हणालो.

"मग नगं." तो पुढं वाचायला लागला. "सातबारा जोडला न्हाई."

"जमीन न्हाई," सुनंदा म्हणाली.

"शेतकऱ्याच्या पोरांना सातबाऱ्यावर जादा मार्क असत्यात. ते मिळायचं न्हाईत."

"नगोत. माझं हाईत तेवढं बास हाईत."

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमची हाय का जमीन?"

"आमची चार एकर."

"मग तुमी का फॉर्म भरत न्हाईसा?"

मी शर्टावरचा कापूस झटकत उभा राहिलो. सुनंदा म्हणाली, "त्यास्नी नगा इचारू सायेब. ते दुसऱ्यांचंच ठरवत्यात." कारकून हसला, शिक्का उचलला आणि तेलाच्या डागाच्या शेजारी ठोकला. पोचपावती तिनं तिथंच, खिडकीशी उभं राहून, वरच्या नावापासून खालच्या शिक्क्यापर्यंत दोनदा वाचली. शिपाई खिडकी ओढून घेत होता तरी वाचत राहिली. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं, जादा मार्कांशिवाय.

बऱ्याच वर्षांनी आमच्या चार एकरांतल्या खालच्या तुकड्यात मीठ फुटलं. ऊस पिवळा पडला, जमीन चुन्यासारखी दिसायला लागली. तोवर सुनंदा तालुक्याची कृषी अधिकारी होती. निरोप धाडला, ती जीपमधून आली. बांधावरून खाली उतरली, उकिडवी बसली, माती मुठीत घेऊन दाबली आणि सोडली. "पाणी किती देतोस?"

"भरपूर," मी अभिमानानं सांगितलं.

"त्येच. चर काढ. दोन वर्सं ऊस बंद, ताग पेर." हात झटकून ती उभी राहिली. "ऐकणार हाईस का?"

"ऐकतो की."

नाही ऐकलं. उसाचा मोह सुटला नाही. दोन वर्षांनी सगळा तुकडा पांढराफटक पडला आणि कुसळही उगवेना, तेव्हा तोंड लपवत पुन्हा निरोप धाडला. ती आली.